शीतयंत्र काढून टाकण्यापूर्वीं

आमच्या हायस्कुलाच्या मागील कुंपणापलीकडे आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचें मोटारदुरुस्तीचें गॅरेज आहे. मधल्या सुटींत आम्ही कधीं कधीं तेथें जाऊन उभे राहतों. कांहीं अंशीं त्याची ख्यालीखुशाली विचारण्यासाठीं, आणि कांहीं अंशीं, खरें सांगावयाचें तर, उघडलेलीं यंत्रें पाहण्याची आमची लहानपणची हौस अद्याप फिटलेली नाहीं म्हणून. गेल्या मार्च महिन्यांत असेच गेलों असतां तो एका वीस वर्षांच्या जुन्या लहान मोटारीच्या बॉनेटखालीं वांकलेला दिसला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आंत अडकला होता आणि मनगटावर ओरखडे उठले होते. आम्हांस पाहून तो म्हणाला, "सर, हा एसीचा पसारा एकदांचा काढूनच टाकतों. कॉम्प्रेसर तर जाम झालाच आहे, आणि दुरुस्तीचा खर्च मालकाला परवडत नाहीं. एवढी जागा मोकळी झाली कीं इंजिनापर्यंत हात तरी जाईल."

त्याच्या बोलण्यांत आम्हांस वावगें कांहींच दिसलें नाहीं. फक्त, "आंतल्या वायूचें काय करणार?" एवढें आम्हीं विचारलें. तो हंसला. "सर, तुम्हींच दहावीला शिकवलेंत ना? जुना वायु ओझोनला मारक. नव्यांत क्लोरीन नाहीं, म्हणून तो ओझोनला लागत नाहीं. ह्या गाडींत नवाच आहे." असें म्हणून त्यानें नळीच्या सांध्याला पाना लावला. सूं सूं असा आवाज निघाला, सांध्यापाशीं पांढरट धुकें दिसलें, तेलाचे चार थेंब उडाले, आणि भर उन्हांत त्या नळीवर दंव गोठल्यासारखा पांढरा थर चढला. कांहीं मिनिटांत सर्व शांत झालें. आम्ही सहा पावलांवर उभे होतों. आम्ही बोललों नाहीं; कारण विद्यार्थ्याचें उत्तर बरोबर होतें, आणि परीक्षेंत असतें तर आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले असते.

तें उत्तर अर्धें होतें, आणि अर्धें शिकविणारे आम्ही होतों. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्यासाठीं आहे.

मोटारींतील शीतयंत्र ठेवावें कीं काढावें, हा मालक आणि मिस्त्री यांच्यामधला प्रश्न; शाळेच्या वार्षिकांत त्याची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलांपैकीं कित्येक जण हातांत पाना घेऊन पोट भरतात, आणि उरलेल्यांपैकीं बरेच जण पुढें अशाच गाड्यांचे मालक होतात. तेव्हां हा प्रश्न आमच्या वाचकांच्या अंगणांतलाच आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. शीतयंत्र काढण्यास आमची सरसकट हरकत नाहीं. परंतु जो केवळ जागेकडे पाहून तें काढतो त्याचा हिशेब अपुरा राहतो. त्या हिशेबांत दोन खातीं मांडलेलींच नसतात. एक आकाशाचें, आणि दुसरें मागल्या आसनावर बसणाऱ्या माणसाचें.

जागेची तक्रार खोटी नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. ज्यानें कधीं लहान मोटारींतील तेलाची गाळणी किंवा एखादा दिवा स्वतः बदलला असेल, त्याला त्या दाटीची कल्पना आहे. इंजिनाच्या कुशीला पट्ट्यानें फिरणारा कॉम्प्रेसर. रेडिएटरच्या पुढें त्याच्याएवढीच दुसरी जाळी, ती कंडेन्सर. वायूंतील ओल शोषून घेणारें एक नळकांडें. आणि ह्या सर्वांना जोडीत कधीं इंजिनावरून तर कधीं बाजूनें जाणाऱ्या जाड व बारीक नळ्या. त्या नळ्या शेवटीं इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यांतून आरपार जाऊन डॅशबोर्डामागच्या थंड जाळीला मिळतात. मिस्त्री लोक तिला कूलिंग कॉइल म्हणतात. कित्येक गाड्यांत एक साधा पट्टा बदलावयाचा तरी आधीं कॉम्प्रेसर सैल करावा लागतो. ज्याला दिवसांतून चार गाड्या हातावेगळ्या करावयाच्या आहेत, त्यानें ह्या यंत्राला शिव्या दिल्या तर आम्ही कान झांकून घेऊं, पण त्याला दोष देणार नाहीं.

हें यंत्र प्रथमपासून इंजिनाजवळ राहत नव्हतें, ही गोष्ट मौजेची आहे. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं, पुढील वर्षाच्या नमुन्यासाठीं, मोटारींत शीतयंत्र देऊं केलें, तेव्हां त्याची थंड जाळी मागें, सामानाच्या पेटींत बसविलेली असे आणि सामानाची बरीच जागा ती खाऊन टाकी. त्याहून गमतीची गोष्ट अशी कीं तें यंत्र बंद करण्याची सोयच नव्हती. थंडीचे दिवस आले कीं चालकानें गाडी थांबवावी, बॉनेट उघडावें आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हातानें उतरवून ठेवावा! म्हणजे शीतयंत्र उतरविण्याची परंपरा शीतयंत्राइतकीच जुनी आहे. पुढें १९५४ सालीं नॅश कंपनीनें गरम आणि थंड हवेचें सर्व साहित्य एकत्र करून गाडीच्या पुढल्या भागांत आणलें. ही नॅश कंपनी केल्व्हिनेटर ह्या शीतकपाटें करणाऱ्या कंपनीशीं १९३७ सालींच एकजीव झालेली होती. तेव्हां घरांतील कपाट बॉनेटखालीं शिरलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. सामानाची पेटी मोकळी झाली, आणि गर्दी पुढें सरकली.

ती गर्दी हटविण्याचा नाद आज सर्वांत जास्त अमेरिका, इंग्लंड व जपान ह्या देशांतील हौशी लोकांना आहे. १९८९ सालीं विक्रीस आलेल्या माझ्दा एमएक्स-५ सारख्या लहान दोन आसनी गाडींत टर्बोचार्जर बसवावयाचा असो, किंवा एखाद्या जुन्या गाडींत मोठें इंजिन कोंबावयाचें असो, पहिली उचलबांगडी शीतयंत्राची होते. त्या जागेंतून एक्झॉस्टची रुंद नळी नेतां येते, रेडिएटरला समोरून थेट वारा लागतो, आणि लहान गाडीचें पंधरा-वीस किलो वजन उतरतें. गाडी केवळ शर्यतीच्या मैदानावर फिरणार असेल, चालक एकटाच बसणार असेल, आणि घाम गाळण्याची त्याची स्वतःची तयारी असेल, तर ह्या व्यवहाराला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. आपल्याकडे मात्र हें काम बहुधा हौसेपोटीं होत नसून परिस्थितीनें होतें. गाडी जुनी, यंत्र बिघडलेलें, दुरुस्तीचा आंकडा गाडीच्या किंमतीला लाजवील असा; मग "काढूनच टाका" हा शब्द सहज तोंडांतून निघतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आमच्या वर्गांतील चलाख मुलांतही आढळतो. शीतयंत्र काढल्यानें इंजिनाची शक्ति वाढते, असें ते समजतात. यंत्र चालू असतांना तें इंजिनाकडून शक्ति घेतें, ही गोष्ट निर्विवाद आहे. लहान इंजिनाची गाडी घाटांत दमली म्हणजे चालक एसी बंद करतो आणि गाडी जणूं सुस्कारा टाकून पुढें सरकते, हें आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. पण बटण बंद करतांच काय होतें? कॉम्प्रेसरच्या तोंडाशीं एक विद्युच्चुंबकीय क्लच असतो. तो सुटला कीं बाहेरची चकती नुसती पट्ट्याबरोबर गरगरते, आंतील यंत्र स्थिर राहतें, आणि इंजिनावरचा भार जवळजवळ नाहींसा होतो. अलीकडच्या कांहीं कॉम्प्रेसरांना असा क्लच नसतो. परंतु त्यांतही यंत्र बंद असतां भार अगदीं थोडा राहतो. म्हणजे जी शक्ति एका बोटानें परत मिळते, तिच्यासाठीं पाना हातीं घेण्याचें कारण नाहीं. काढल्यानें खरोखर मिळतें तें एवढेंच: जागा, आणि थोडा हलकेपणा.

जागा तात्पुरतीच हवी असेल, तर आणखी एक उपाय आहे, आणि तो आम्हांस पुस्तकानें शिकविला नसून दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीनें दाखविला. कॉम्प्रेसरला जोडलेल्या नळ्यांचा कांहीं भाग रबराचा असतो. बोल्ट काढून कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला सारावा, नळ्यांवर ताण येणार नाहीं अशा बेतानें तारेनें टांगून ठेवावा, काम उरकावें, आणि पुन्हा जागेवर बसवावा. एकही सांधा उघडावा लागत नाहीं आणि वायूचा एक कणही जात नाहीं. प्रत्येक गाडींत हें साधतें असें नाहीं; परंतु प्रयत्न करून पाहण्यास पांच मिनिटें पुरतात.

आतां त्या वायूकडे वळूं.

जुना वायु म्हणजे आर-१२. थॉमस मिजली ह्या अमेरिकन रसायनज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९२८ सालीं तो शीतयंत्रांसाठीं शोधून काढला, आणि १९३० सालीं जगापुढें मांडला. त्यापूर्वींच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायु असत आणि गळती झाल्यास माणसें मरत. मिजलीनें रसायनज्ञांच्या सभेंत तो वायु स्वतःच्या छातींत भरून घेतला व हळूंच फुंकून समोरची मेणबत्ती विझविली. हेतु हा कीं हा वायु विषारीही नाहीं आणि पेटही घेत नाहीं, हें लोकांच्या डोळ्यांना दिसावें. प्रयोग खरा होता. त्यानें जें दाखविलें तें सर्व खरें होतें. जें दाखविलें नाहीं तें त्या सभेंत कोणालाच ठाऊक नव्हतें. १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखवून दिलें कीं हाच निरुपद्रवी वायु वर चढत जाऊन ओझोनच्या थराचा नाश करतो. १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं जाहीर केली. आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या. त्या तारखेला आमच्या शाळेंत दरवर्षीं ओझोनदिनाचे तक्ते भिंतीवर लागतात. मुलें सुंदर रंगवितात. त्यांत पृथ्वीच्या डोक्यावर एक छत्री असते आणि छत्रीला भोंक असतें.

कराराचा परिणाम म्हणून मोटारींत आर-१३४ए हा दुसरा वायु आला. त्यांत क्लोरीन नाहीं, म्हणून ओझोनच्या थराला त्यापासून भय नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलें तें हेंच, आणि आम्हीं शिकविलें तेंही हेंच. परंतु छत्रीला भोंक पाडणें हा एकच अपराध वायूच्या हातून घडतो, असें थोडेंच आहे? सूर्याची उष्णता पृथ्वीजवळ कोंडून ठेवण्याच्या कामीं आर-१३४ए फार बलवान् आहे. शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोंइतका मानला जातो. किगाली येथें २०१६ सालीं माँट्रियल कराराला जी दुरुस्ती झाली, तिच्यांत हाच आंकडा धरलेला आहे. आर-१२ चा आंकडा १०,९०० आहे, ह्या मानानें हा धाकटा भाऊ सौम्य खरा. पण सौम्य तो केवळ त्या मानानें.

त्या रात्रीं आम्हीं घरीं बसून एक त्रैराशिक मांडलें. तें येथें देतों, म्हणजे नववी-दहावीच्या मुलांनीं स्वतः ताडून पाहावें. लहान मोटारींत हा वायु सुमारें अर्धा किलो असतो. अर्धा किलो गुणिले १४३०, म्हणजे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २·३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ७१५ भागिले २·३, उत्तर सुमारें ३१० लिटर. गाडी लिटरला अठरा किलोमीटर जात असेल, तर ३१० लिटरांत ती साडेपांच हजार किलोमीटरांहून अधिक धांवेल, म्हणजे कोल्हापुराहून मुंबईला सात वेळां जाऊन सात वेळां परत येईल. तेवढा धूर आमच्या डोळ्यांदेखत, शाळेच्या कुंपणापाशीं, कांहीं मिनिटांत, रंगावांचून आणि वासावांचून हवेंत मिसळून गेला. गाडी तर जागची हललीही नव्हती.

ज्या वायूला रंग नाहीं त्याची लाज वाटत नाहीं. हाच काळा धूर असता, तर शेजारच्यांनीं भांडण केलें असतें, आणि आम्हीही धांवून गेलों असतों.

मग करावें काय? उपाय साधा आहे. सांधा उघडण्यापूर्वीं वायु यंत्रानें ओढून नळकांड्यांत भरून घ्यावा. तो शुद्ध करून पुन्हा वापरतां येतो. अमेरिकेंत शीतयंत्राची दुरुस्ती किंवा उतरणी करतांना जुना वायु जाणूनबुजून हवेंत सोडण्यास १९९२ पासून, आणि त्याच्या जागीं आलेल्या वायूंस १९९५ पासून कायद्यानें मनाई आहे. युरोपांत तर २०१७ पासून नव्या गाड्यांत १५० हून अधिक आंकड्याचा वायु भरण्यासच बंदी आहे. भारतानें किगालीची दुरुस्ती २०२१ सालीं स्वीकारली असून २०३२ पासून अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्यानें उतरवीत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनीं कमी करावयाचा आहे. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु कागदावरचा टप्पा आणि गल्लींतला पाना यांची अद्याप भेट झालेली नाहीं, असें आमचें निरीक्षण आहे. आमच्या गांवांतील ज्या गॅरेजांत आम्ही जातों येतों, त्यांपैकीं एकांतही वायु ओढून घेणारें यंत्र नाहीं. तें महाग आहे. आणि ज्याच्या घरीं महिनाअखेरीस किराण्याचें बिल थकतें, त्यानें तें घ्यावें असें खुर्चींत बसून सांगणें आम्हांस शोभत नाहीं. मात्र जिल्ह्याच्या गांवीं अशीं यंत्रें असलेलीं दुकानें आहेत. शीतयंत्र काढावयाचें ठरलें, तर गाडी प्रथम तेथें नेऊन वायु काढवून आणावा, आणि मग खुशाल पाना लावावा. त्याचा खर्च मालकानें द्यावा. मिस्त्रीच्या मजुरींतून तो कापूं नये. हौस मालकाची, बिघाड मालकाचा, मग भुर्दंड तेवढा मिस्त्रीचा, हा न्याय नव्हे.

आणि मिस्त्रीच्या स्वतःच्या हिताचीही एक गोष्ट आहे. यंत्र बंद असतांनासुद्धां उन्हाळ्याच्या दिवशीं ह्या नळ्यांत जो दाब असतो, तो मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाच्या तिपटीच्या आसपास असतो. आणि मोकळ्या हवेंत हा वायु शून्याखालीं २६ अंशांवरच उकळतो. त्याचा फवारा डोळ्यावर आला तर डोळा गोठतो. आमचा विद्यार्थी त्या दिवशीं उघड्या डोळ्यांनीं वांकला होता. शिक्षक म्हणून आम्हीं निदान त्याला चष्मा लावण्यास तरी सांगावयाचें होतें. आम्हीं तेंही सांगितलें नाहीं.

दुसरें खातें मागल्या आसनाचें. ह्याबाबत आम्ही ऐकीव बोलत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक जुनी मोटार विकत घेतली. पूर्वींच्या मालकानें शीतयंत्र काढून टाकलेलें होतें. बॉनेट उघडून आम्हांस ती ऐसपैस जागा दाखवितांना तो म्हणाला, "बघा, हात कसा फिरतो!" आम्हीही हात फिरवून पाहिला आणि खूष झालों; किंमतही थोडी उतरली. त्याच जुलै महिन्यांत सावंतवाडीहून परततांना आंबोलीच्या घाटांत पावसानें गांठलें. तेथला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याचें वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना तें खरें वाटणार नाहीं. कांचा वर करणें भाग होतें. गाडींत आम्ही पांच माणसें. थोड्याच वेळांत आमच्याच श्वासांची वाफ समोरच्या कांचेवर आंतून धरली आणि रस्ता दिसेनासा झाला. बाहेरचे वायपर बिचारे बाहेरचें पाणी निपटीत होते. आंतल्या वाफेपुढें त्यांचा इलाज काय? हीटर लावला तर कांच हळूहळू निवळे, पण आंत भट्टी होई आणि मागल्या आसनावर आमच्या मातोश्री गुदमरूं लागत. शेवटीं त्याच पुढें सरसावल्या, आणि पदरानें कांच पुसत राहिल्या. एका बाजूस दरी, समोर धुकें, आणि सत्तरीच्या बाई दर अर्ध्या मिनिटानें हात लांब करून आमच्या डोळ्यांपुढची कांच पुसताहेत. घाट संपेपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहींत. माथ्यावर पोंचल्यावर मात्र त्यांनीं विचारलें, "त्या मोकळ्या जागेंत तूं आतां काय ठेवणार आहेस?"

ह्याचें शास्त्र मुलांना ठाऊक असावें. शीतयंत्र हवा केवळ थंड करीत नाहीं, कोरडीही करतें. थंड जाळीवरून जातांना हवेंतील वाफेचें पाणी होऊन तें नळीवाटे बाहेर पडतें; एसी चालू असतांना उभ्या गाडीखालीं जें थारोळें दिसतें तें हेंच. ती कोरडी हवा कांचेवर सोडली कीं धुरकटपणा झपाट्यानें जातो. म्हणून कोंकणांत आणि घाटमाथ्यावर हें यंत्र उन्हाळ्यापेक्षां पावसाळ्यांत अधिक उपयोगी पडतें, असें म्हणण्यासही आम्ही कचरणार नाहीं. विदर्भाची कथा निराळी. तेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या खिडकींतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा असतो. आणि गाडी चालविणारा धडधाकट असला तरी मागें बसलेला आजारी, गर्भवती स्त्री किंवा तान्हें मूल धडधाकट नसतें. जागा कोणाला हवी आहे आणि उकाडा कोण सोसणार आहे, हे दोन प्रश्न विचारले कीं पुष्कळदां दोन निराळीं माणसें समोर येतात. भाड्याच्या गाडींत तर तिसरें माणूस येतें. गाडी मालकाची, प्रवास गिऱ्हाइकाचा, आणि दहा-बारा तास त्या पत्र्याच्या पेटींत शिजतो तो पगारी चालक. भारत सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालमोटारींत चालकाचा कक्ष वातानुकूलित असणें बंधनकारक केलें. मालमोटारीच्या चालकाला ज्याची गरज आहे असें सरकारला पटलें, तें टॅक्सीच्या चालकासाठीं चैन कसें ठरतें, हें आम्हांस उमगत नाहीं.

इतकें असूनही काढणेंच प्राप्त असेल, तर तें नीट काढावें. पत्र्यांतून नळ्या जातात तेथें त्या निघाल्यावर भोंकें उरतात. तीं पक्कीं बुजविलीं पाहिजेत, नाहीं तर इंजिनाकडचा धूर बैठकींत शिरेल, आणि त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बुजविण्यासाठीं चिंधी चालत नाहीं. पट्टा जर एकच असून तोच विजेचें यंत्र व पाण्याचा पंप फिरवीत असेल, तर कॉम्प्रेसरच्या जागीं नुसती फिरणारी चकती किंवा योग्य लांबीचा दुसरा पट्टा लागतो. त्याचा विचार आधींच करावा. कंडेन्सरपुढचा पंखा कित्येक गाड्यांत रेडिएटरलाही वारा घालतो, म्हणून शीतयंत्राबरोबर त्याचीही हकालपट्टी करूं नये. डॅशबोर्डामागची जाळी काढण्यासाठीं अर्धी गाडी उसवावी लागते. ती तेथेंच राहूं द्यावी, जागा तशीही बॉनेटखालींच हवी असते. आणि उतरलेले चांगले भाग तोंडें बंद करून, ओल न लागतां, ठेवून द्यावेत. भंगारवाल्याच्या कांट्यावर त्यांचें मोल किलोवर होतें. पुढल्या मालकाला मात्र तेच भाग नवे घ्यावयाचे झाले तर तो घरीं जाऊन आमच्यासारखाच पश्चात्ताप करील.

आम्हीं हें सर्व आमच्या माजी विद्यार्थ्याला नंतर सांगितलें. त्रैराशिकाचा कागदही दाखविला. त्यानें तो दोनदां वाचला, भागाकार स्वतःच्या फोनवर ताडून पाहिला, आणि म्हणाला, "सर, हें तेव्हांच कां नाहीं शिकवलेंत?" ह्या प्रश्नाला आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. पाठ्यपुस्तकांत नव्हतें, असें म्हणतां आलें असतें. पण आम्ही पाठ्यपुस्तकाबाहेरचें किती तरी शिकवितों, आणि त्याला तें ठाऊक आहे.

त्या जुन्या मोटारींत आतां हात खरोखरच मोकळा फिरतो. गेल्या आठवड्यांत गॅरेजांत तशीच दुसरी एक गाडी आली. कॉम्प्रेसर जाम, नळ्यांत वायु शाबूत. मालकाला तिचेंही शीतयंत्र काढून हवें आहे. जिल्ह्याच्या गांवीं वायु काढवून आणण्याचे पैसे देण्यास तो अद्याप राजी नाहीं, आणि आमचा विद्यार्थी सांधा उघडण्यास राजी नाहीं. गाडी लिंबाच्या झाडाखालीं उभी आहे. आज मधल्या सुटींत मालक येणार आहे, आणि आम्हांस तेथें बोलावणें आहे.